माफीनाम्यातले दुसरे वाक्य

राग आला की मी घटना क्रमाने मांडायला बसते. चौतीस वर्षे वर्गात भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे ही सवय जडली आहे: काय दिले आहे ते आधी लिहायचे, काय शोधायचे आहे ते नंतर, आणि मधली एकही पायरी गाळायची नाही. या प्रकरणातही मी तसेच करणार आहे. मात्र ज्या माणसाविषयी लिहायचे आहे त्याचे नाव मी लिहिणार नाही. भीती हे त्याचे कारण नव्हे. त्या माणसाने आयुष्यभर आपले नाव जिथे जागा मिळेल तिथे लावले: कंपनीच्या दारावर, हँगरच्या भिंतीवर, पाहुण्यांना देण्याच्या पेनांवर, आणि शेवटी माझ्या हातून लिहवून घेतलेल्या सात वह्यांवर. माझ्या या थोड्या पानांवर त्या नावाला जागा नाही. बहरीनमध्ये आम्ही सगळे त्यांना जनरलसाहेब म्हणत असू, तेवढे पुरेसे आहे. मी आदरार्थी रूपे वापरते ती घरच्या वळणामुळे. वाचकांनी त्यांत आदर शोधू नये.

आम्ही मनामा शहरातल्या हूऱ्यात राहत होतो, एका शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि खिडकीत बसवलेला एक एसी, जो सुरू होताना ट्रक चढावर चढल्यासारखा आवाज करी. तो बंद झाला की खालच्या शिलाई मशिनी ऐकू येत, त्या थांबल्या की अजान, आणि मधल्या वेळात आईची भाकरी. आईने साताऱ्याकडची भाकरी बहरीनमध्ये सोडली नाही. सुट्टीवरून येताना आमच्या बॅगांत कपडे कमी आणि ज्वारीचे पीठ जास्त असे. पीठ संपत आले की ती एका वेळेला भाकरी आणि एका वेळेला कोपऱ्यावरच्या भट्टीतला खुबूस, म्हणजे तिकडची मैद्याची रोटी, असे वाटून देई, आणि खुबूस झुणक्याबरोबर खाताना दर वेळी म्हणे, "फुगतंय छान, पण आत काय न्हाई त्येच्या." शुक्रवारी बाबा मासळीबाजारातून सफी मासे आणत. कराडजवळच्या आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. मासा साफ करायला आईला एका कोकणी शेजारणीने शिकवले, आणि त्याचा तिला पहिले वर्षभर रागच होता.

बाबा भारतीय वायुसेनेत वीस वर्षे विमानांचे टेक्निशियन होते. निवृत्तीनंतर ते बहरीनला जनरलसाहेबांच्या कंपनीत लागले. श्रीमंत लोकांची लहान विमाने दुरुस्त करणे, तपासणे आणि उडण्यास योग्य असल्याची सही करणे हे या कंपनीचे काम. त्या कामाचा एक नियम येथे समजावून सांगितला पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. हँगरमध्ये भिंतीला एक मोठा फळा असतो आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते: पान्याच्या जागी पान्याची, पकडीच्या जागी पकडीची. काम संपले की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचे. एखादी आकृती रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही; त्याच्या चालवायच्या दांड्याला लाल पट्टी बांधायची आणि पट्टी बांधणाऱ्यानेच ती सोडायची. विमानाच्या पोटात विसरलेला एक लहानसा तुकडा तारेत अडकला, तर वर आकाशात कुणालाच काही करता येत नाही. बाबांच्या अंगात हा नियम इतका मुरला होता की घरीसुद्धा ते कामावरून आले की दारातल्या ताटलीत खिसे रिकामे करत, मगच चहा घेत. आई हसायची. "मला बी रंगवून ठेवा भिंतीवर," म्हणायची, "कुठं गेले तर कळंल."

आता जनरलसाहेब. राखीव वैमानिक म्हणजे काय हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या देशात अशी पद्धत आहे की माणूस आठवडाभर आपला नेहमीचा व्यवसाय करतो, महिन्यातून ठरलेले दिवस गणवेश घालून विमान उडवतो, आणि युद्ध लागले की सगळे सोडून हजर होतो. जनरलसाहेब सोमवार ते शुक्रवार विमा विकत आणि शनिवारी-रविवारी मोठी मालवाहू विमाने उडवत. नियमित सैन्यातले वैमानिक त्यांच्यासारख्यांना रविवारचे वैमानिक म्हणून चिडवत. या चिडवण्याचा त्यांनी जन्मभर सूड घेतला. ते एकही हजेरी चुकले नाहीत, जखमी सैनिकांना घेऊन समुद्र ओलांडले, पायरी पायरीने चढत जनरल झाले. एका युद्धाच्या निमित्ताने बहरीनला आले असताना त्यांनी विमानतळावर धूळ खात उभी असलेली खाजगी विमाने पाहिली, आणि निवृत्त होताच परत येऊन कंपनी काढली. हे सगळे मला इतके तपशीलवार ठाऊक आहे, कारण ते मी लिहून घेतले आहे.

मी बारावीत होते. माझे इंग्रजी आणि अक्षर दोन्ही चांगले होते, आणि बाबांनी हँगरमध्ये ते अभिमानाने कुणाला तरी सांगितले होते. जनरलसाहेबांना आपले आयुष्य पुस्तकरूपाने हवे होते. पण त्यांच्यासमोर यंत्र ठेवले की त्यांना बोलता येत नसे, माणूस बसलेला लागे. म्हणून दर शुक्रवारी सकाळी त्यांचे ड्रायव्हर सावंतकाका हूऱ्यात खाली येऊन तीनदा हॉर्न वाजवत, आणि मी वही घेऊन त्यांच्या रिफातल्या बंगल्यावर जाई. सावंतकाका कुडाळचे. वाटेत ते मला त्या दिवशीच्या हवामानाची सूचना देत, आणि ते हवामान म्हणजे साहेबांचा स्वभाव. तलावाकाठच्या पडवीत जनरलसाहेब येरझाऱ्या घालत सांगत, मी लिहीत असे. खरे सांगायचे तर मी भारावून गेले होते. मला इंजिनिअर व्हायचे होते, विमानांचीच. आणि इथे प्रत्यक्ष आकाशातून उतरलेला माणूस माझ्या अक्षराची स्तुती करत होता. बाबांना ते 'मो' म्हणत. मोहिते हे आडनाव त्यांना तीन वर्षांत पुरे उच्चारावेसे वाटले नाही, आणि मला त्या वेळी त्यात काही खटकले नाही. याचा राग मात्र त्यांच्यावर नाही, माझ्यावर आहे.

त्यांच्या आयुष्यातले आठवे प्रकरण मला सर्वांत आवडे. तरुण राखीव वैमानिक असताना एका सकाळी त्यांच्या विमानाच्या मेकॅनिकचा टॉर्च हरवला. वरिष्ठांनी उड्डाणाचा हुकूम दिला. यांनी नकार दिला. सर्वांसमोर त्यांना भित्रा म्हटले गेले, रविवारचा वैमानिक म्हटले गेले, तरी ते विमानाच्या शिडीवर बसून राहिले. चार तासांनी टॉर्च मेकॅनिकच्या जीपमध्ये सीटखाली सापडला. वरिष्ठ म्हणाले, पाहिलेत, विमानात नव्हताच. त्यावर तरुण वैमानिकाने जे उत्तर दिले ते वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा नीट बसवले: टॉर्च कुठे होता हा प्रश्न नव्हता, तो कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हते, हा प्रश्न होता. वाक्य वाचून दाखवले तेव्हा जनरलसाहेबांचे डोळे पाणावले. ते पुस्तक पुढे खरोखर छापले गेले. दोन वर्षांपूर्वी मनामात एका दंतवैद्याच्या दालनात मी ते टेबलावर पाहिले, जाड कागद, सोनेरी अक्षरे. आठवे प्रकरण उघडले. माझे वाक्य स्वल्पविरामासह तिथे होते. दात काढून घेण्यापूर्वीच माझ्या तोंडात रक्ताची चव आली, इतके मी ओठ दाबून धरले होते.

आता ती घटना. एका बुधवारी बाबा एका विमानाच्या मागच्या भागात काम करत असताना निरोप आला की साहेबांच्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाचा पंप बंद पडला आहे. बाबांनी सांगितले की हातातले संपवून निघतो. तेवढ्यात खुद्द जनरलसाहेबांचा फोन. "मो! यल्ला, यल्ला! पाहुणे पोहायला येणार आहेत." अरबीतले त्यांना येणारे शब्द दोनच होते, यल्ला आणि खलास, एकाने ते माणसांना पळवत, दुसऱ्याने थांबवत. विमाने तपासणारा माणूस पंप दुरुस्त करायला पळाला. कंबरेपर्यंत भिजून थेट घरी आला, कामाची ओली डांगरी बादलीत टाकली गेली. ताटलीत खिसे रिकामे झाले. पण मांडीवरच्या खिशाचा तळ उसवला होता हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

गुरुवारी सकाळी फळ्यावर एक आकृती रिकामी होती. दहा नंबरचा सॉकेट, म्हणजे पान्याच्या टोकाला बसवायची अंगठ्याच्या पेराएवढी पोकळ लोखंडी नळी. बाबांनी विमानाचे तीन पडदे, म्हणजे अंगावर स्क्रूने बसवलेले पत्रे, उघडले, जमीन झाडली, सावंतकाकांना फोन करून पंपाभोवती पाहायला लावले. नाही सापडला. त्यांनी दांड्याला लाल पट्टी बांधली. दुपारी जनरलसाहेबांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कुटुंबासह त्याच विमानाने निघणार होते. सही करण्याचा अधिकार असलेला दुसरा माणूस केरळात सुट्टीवर होता. जनरलसाहेब हँगरमध्ये आले आणि त्यांनी त्या सगळ्या माणसांसमोर बाबांना काय काय म्हटले ते बाबांनी घरी सांगितले नाही, सावंतकाकांनी सांगितले. त्यात भित्रा हा शब्द होता. बाबा एकच उत्तर देत राहिले, "सॉरी सर. नॉट फाउंड, सर." गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या विमानाने गेले.

शुक्रवारी सकाळी, मी रिफाला जायच्या तयारीत असताना, आईने बादलीतले कपडे मशिनमध्ये टाकले. दोन फेऱ्यांतच आतून ठण् ठण् आवाज यायला लागला.

"आवं," आई बाथरूममधून ओरडली, "ह्यात काय वाजतंय बघा."

बाबांनी मशिन थांबवले. ओल्या डांगरीची शिवण बोटांनी चाचपत खाली आले आणि गुडघ्याजवळ थांबले. अस्तरातून त्यांनी सॉकेट बाहेर काढला, तळहातावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. आईच्या चेहऱ्यावरून पुढचे विचार मला एकापाठोपाठ एक वाचता येत होते.

"टाका समुद्रात," ती म्हणाली. "पाच मिनिटांवर हाय समुद्र. कुणाला कळतंय?"

"आणि फळ्यावर काय टांगू?"

"बाजारात मिळत न्हाई व्हय दुसरा?"

"मिळतो की," बाबा म्हणाले. "पण मग पहिला विमानातच आहे असं म्हणून पोरं आठवडाभर पडदे उघडत बसतील. माझी चूक आहे ही. सांगून टाकतो."

ही चूक, म्हणजे सांगून टाकण्याची, त्यांच्यासारखी माणसेच करू शकतात. शनिवारी त्यांनी सॉकेट फळ्यावर टांगला, पट्टी स्वतःच्या हाताने सोडली आणि साहेबांच्या कार्यालयात जाऊन कुठे सापडला ते सांगितले. जनरलसाहेबांना हवे ते मिळाले. विमानात काही नव्हते; म्हणजे विमान विनाकारण थांबले; म्हणजे दोष 'मो'चा. लेखी माफीनामा द्यावा, नाहीतर व्हिसा रद्द. बाबांचा व्हिसा म्हणजे आम्हा तिघांचा बहरीनमधला मुक्काम. माझी बारावीची परीक्षा दीड महिन्यावर होती, परीक्षाकेंद्र इथलेच होते, आणि त्या दीड महिन्यासाठी दुसरीकडे नोकरी धरायची तर जनरलसाहेबांनीच सोडचिठ्ठी द्यायला हवी होती. ती देणार नाही, असेही त्यांनी आधीच सांगून ठेवले.

पुढच्या शुक्रवारी हॉर्न वाजला तेव्हा बाबा म्हणाले, "जा. आपल्याकडून काही मागं ठेवायचं नाही." गाडीत सावंतकाकांनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"आज सायबाचा डोक्या फिरलाहा, गो. तू कायएक बोलू नको. लिवन घे नि गप घराक चल."

पण साहेबांचे डोके फिरलेले नव्हते, हेच मला अजून सहन होत नाही. ते प्रसन्न होते. पडवीत फळे कापून ठेवली होती. त्यांनी नवव्या प्रकरणाची तीन पाने सांगितली, त्यांतल्या एका विनोदावर स्वतःच हसले, आणि मग म्हणाले, "आता एक वेगळा कागद घे. तुझ्या वडिलांच्या इंग्रजीत घोटाळे असतात. त्यांचा माफीनामा तूच लिही, मी सांगतो."

मी म्हणाले, "सर, त्याआधी आठव्या प्रकरणातले एक वाक्य एकदा तपासायचे होते."

"वाच."

मी वाचले. टॉर्च कुठे होता हा प्रश्न नव्हता. तो कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हते, हा प्रश्न होता. त्यांनी डोळे मिटून ऐकले. "सुंदर," ते म्हणाले. "काही बदलू नकोस."

"माझ्या बाबांनी दुसरे काय केले, सर?"

त्यांनी डोळे उघडले. रागाने नव्हे, वर्गातल्या मंद मुलीकडे शिक्षक पाहतो तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखते, कारण पुढे कित्येक वर्षे मी ती स्वतःच्या चेहऱ्यावर येऊ देण्यापासून स्वतःला आवरत आले आहे. "तू हुशार आहेस, म्हणून समजावतो," ते म्हणाले. "तेव्हा मी वैमानिक होतो. विमान पडले असते तर मी मेलो असतो. आता मी मालक आहे. यल्ला, लिही."

आणि मी लिहिले. सतरा वर्षांची होते, समोर मोठा माणूस सांगत होता, हाताला सवय लागलेली होती. दोन वाक्ये होती. पहिले: कंपनीचे हत्यार खिशात राहून घरी नेण्याची चूक माझ्याकडून झाली. दुसरे: त्यानंतर घाबरून जाऊन, काहीही कारण नसताना, मी विमान अडवून ठेवले. खाली सहीसाठी जागा. "हा कागद हत्यारांच्या फळ्यावर मधोमध लावायचा आहे," ते म्हणाले, "म्हणून जरा मोठे अक्षर काढ."

दुपारी जेवणानंतर बाबांनी तो कागद ओळीखाली बोट फिरवत दोनदा वाचला. आई भांडी तशीच ठेवून समोर येऊन बसली.

"करा सही," ती म्हणाली. "अक्षर पोरीचं, भाषा साहेबाची. तुमचं ह्यात हाय काय? दीड म्हैन्यावर परीक्षा आलीया तिची."

"पहिलं वाक्य खरं आहे," बाबा म्हणाले. "दुसरं नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण त्या दिवशी पट्टी सोडून सही केली असती, तर त्या सहीवर विसंबून माणसं विमानात बसली असती. ह्या कागदात मी एकटाच बसणार. बसतो." आणि त्यांनी पेन मागितले.

मी पेन दिले असते तर परीक्षा दिली असती. हे मला त्या क्षणी पूर्णपणे ठाऊक होते. नंतर सुचलेले शहाणपण म्हणून मी ते लिहीत नाही.

"बाबा," मी म्हणाले, "हा कागद फळ्यावर लावणार आहेत ते."

"लावू दे की."

"उद्या दुसऱ्या कुणाचा सॉकेट हरवला तर तो आधी फळ्याकडे बघेल. तिथं हे वाचेल. मोहित्यांनी पट्टी बांधली आणि त्यांना माफी मागावी लागली. मग तो बांधेल पट्टी?"

बाबांचे बोट पुन्हा दुसऱ्या वाक्याखाली गेले. 

"मग त्या विमानात कोण बसलेलं असेल?" मी विचारले.

"गप बस!" आई माझ्यावर ओरडली. "तुझीच परीक्षा हाय न्हवं ती? स्वतःच्या ताटात माती कालवायला बसलीयास व्हय?"

बाबांनी कागद उलटा करून बाजूला ठेवला. "दुसरा कागद घे, शैले," ते म्हणाले. "पहिलं वाक्य तेवढं लिही. नीट लिही."

"झालं!" आई उठली. "बाप एक शहाणा, लेक दीड शहाणी."

बाबांनी त्याच दुपारी सावंतकाकांना फोन केला. कागद कुणाच्या हाती पाठवायचा नाही, स्वतः द्यायचा, आणि मी बरोबर यायचे; कारण साहेब भराभर बोलू लागले की त्यांना उत्तर सुचत नसे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वायुसेनेतले काळे बूट पुसले. सावंतकाका गाडी घेऊन आले. या खेपेला त्यांनी हवामानाची सूचना दिली नाही.

जनरलसाहेब पोहून नुकतेच बाहेर आले होते, खांद्यावर टॉवेल होता. बाबांचा पंप मागे व्यवस्थित चालल्याचा आवाज येत होता. त्यांनी कागद वाचला, उलटून पाहिला, परत सुलटा केला.

"मो, अर्धा कागद रिकामा आहे."

"नो सर," बाबा म्हणाले. "कम्प्लीट, सर."

"दुसरे वाक्य?"

"नॉट ट्रू, सर."

जनरलसाहेब माझ्याकडे वळले. यांना विचार, ते म्हणाले, मुलीच्या परीक्षेचा विचार केला आहे का. मी ते मराठीत सांगितले, जरी बाबांना ते कळले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाले, "केलाय म्हणावं. रोज करतोय." मी तेही इंग्रजीत सांगितले. माझा आवाज कापत होता, आणि तो भीतीने कापतो आहे असा त्यांचा समज झाला असावा. कारण त्यांनी टेबलावरचे आपल्या नावाचे पेन उचलले, टोपण काढले आणि कागदासह माझ्यापुढे धरले.

"सहीच्या वर जागा आहे," ते हळूच, जवळजवळ प्रेमाने म्हणाले. "तू लिही. एकच ओळ आहे, तुला पाठ आहे. त्यांना पुन्हा सही करावी लागणार नाही. तू परीक्षा दे, त्यांची नोकरी राहील, खलास."

बाबांनी मला अडवले नाही. याबद्दल त्यांच्यावर मी पुढे खूप वर्षे रागावलेली होते. मुलीला अशा जागी एकटी उभी करायची नसते, असे मला वाटे. आज शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर वाटते की उत्तर माहीत असलेल्या मुलीला फळ्यापाशी जाऊ द्यावे लागते. तरीही थोडा राग आहेच.

मी पेन हातात घेतले. ते जड होते. त्याचे टोपण टेबलावर पडले होते, ते उचलून मी लावले, चटकन आवाज होईपर्यंत दाबले, आणि पेन फळांच्या बशीशेजारी ठेवून दिले.  मला त्या वेळी सुचलेली सगळी वाक्ये त्यांच्याच पुस्तकातली होती.

बहरीन सोडायला आम्हाला अकरा दिवस मिळाले. बाबांच्या जागी दुसरा माणूस येईपर्यंत विमानांच्या तपासण्या खोळंबल्या, आणि जनरलसाहेब फोनवर त्याबद्दलही बाबांनाच दोष देत होते. शाळेने प्रयत्न केला. आमच्या मुख्याध्यापिका दोनदा कुठे कुठे जाऊन आल्या. कराडला मला त्या वर्षी कुणी परीक्षेला बसवून घेतले नाही. एक वर्ष गेले, बाबांचा तिकडचा पगार गेला, त्याबरोबर इंजिनिअरिंग गेले, आणि ज्या बहरीनमधून आम्हाला काढले तिथेच लग्नानंतर परत येऊन मी इतरांच्या मुलांना गती आणि बल शिकवले. लोक सांगतात की काळाबरोबर राग निवळतो. माझा तसा अनुभव नाही.

त्या अकरा दिवसांत आई माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढताना ताट नुसते पुढे सरकवी. कुकर, परात, पोळपाट एकेक करून शेजारणींकडे गेले. बॅगा भरल्या, खोकी बांधली. मधला शुक्रवार आला. आई उरलेल्या पिठाच्या भाकरी थापत होती, सगळ्याच, कारण पीठ परत न्यायचे नव्हते. आणि खाली हॉर्न वाजला. तीनदा, नेहमीसारखा.

मी बाल्कनीतून पाहिले. जनरलसाहेबांची गाडी उभी होती. सावंतकाका खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावर शरम स्पष्ट दिसत होती.

"शैलू," ते खालून ओरडले, "सायब म्हणतत, नववा प्रकरण अर्धा रवलाहा. येतंस काय, इचारूक धाडल्यानी."

  तेवढ्यात मला बाजूला सारून आई कठड्यापाशी आली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. आठवडाभरात तिचा आवाज मी प्रथमच इतका मोठा ऐकला. शिंपीसुद्धा मशिन थांबवून दुकानाबाहेर आला.

"सावंतभावजी, जावा परत! आन् सांगा तुमच्या साहेबाला, पोरगी अभ्यासाला बसलीया!"

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग आत आली, माझ्या पुस्तकांच्या बांधलेल्या खोक्याची सुतळी पिठाच्या बोटांनी ओढून तोडली, वरचे जाड पुस्तक काढले आणि माझ्यापुढे जमिनीवर आदळले.

"बस," ती म्हणाली.